बुधवारचं मटण सोडलं म्हणून कोण मरत नाही

आमच्या पेठेच्या ग्रुपवर दर पंधरा-वीस दिवसांनी एक मेसेज फिरून येतो. पाठवणारा बदलतो, मजकूर तोच. मुद्द्याचं तेवढं देतो: "मटण हळूहळू सोडतो म्हणणारा कधीच सोडत नाही. दारू, तंबाखू आणि मटण झटक्यात सुटतं, नाहीतर सुटतच नाही. अर्धवट सोडलं की शरीर ना इकडचं ना तिकडचं. महिन्याभरात बी १२ संपतं. डाळ खाऊन पैलवान झालेला दाखवा. पनीर-बदाम कुणाला परवडतंय? आणि कोल्हापूरकरानं मटण सोडलं तर मग राहिलं काय?"

परवा याच्याखाली एकानं मला टॅग करून विचारलं, "काय भावा, तुझं किती सुटलं?" तिथं अंगठा टाकून गप्प बसलो. इथं सविस्तर लिहितो.

मी रविवार, बुधवार आणि जमलं तर शुक्रवार असा मटण खाणारा माणूस. पावणेदोन वर्षांत ते महिन्यातून एखाद्या वेळेवर आलंय. माळ घातलेली नाही, डॉक्टरांनी दम दिलेला नाही. झालं एवढंच, की थोरल्या मुलीनं एका रविवारी ताट बाजूला सारलं आणि "मी आजपासून खाणार नाही" म्हणाली. दोन महिने घरात दोन भांडी शिजली. मग बायको म्हणाली, दोन स्वयंपाक माझ्यानं होणार नाहीत, काय ते बापलेकीनं ठरवा. मी हळूहळूचा रस्ता धरला, मुलीनं झटक्याचा. त्यामुळं मेसेजमधले दोन्ही प्रकार एकाच घरात बघायला मिळाले.

झटक्याचा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, आणि सिगारेटच्या बाबतीत त्याला आधारही आहे. २०१६ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जवळपास ७०० सिगारेट ओढणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटानं ठरल्या दिवशी एकदम सोडली, दुसऱ्यानं दोन आठवडे कमी करत आणून मग सोडली. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकून होते, कमी करत आलेल्यांतले ३९ टक्के. म्हणजे तंबाखूपुरतं मेसेज लिहिणाऱ्याचं बरोबर. पण मटण त्या माळेत कसं ओवलं? सिगारेट सुटल्यावर तिच्या जागी काही ठेवावं लागत नाही, शरीराला तिची गरज कधी नव्हतीच. मटण गेलं की ताटात जागा रिकामी होते आणि ती दोन्ही वेळा दिसते. तिथं काय वाढायचं हे शिकायला वेळ लागतो, घरच्या बाईलाही आणि खाणाऱ्याच्या जिभेलाही.

मुलीच्या बाबतीत हेच चुकलं. तिनं सोडलं झटक्यात, पण त्या जागी आलं काय? बटाट्याची भाजी, चपाती, नूडल्स आणि कॉलेजच्या कट्ट्यावरचा वडापाव. उसळ समोर आली की नाक मुरडायची. सहा महिन्यांत जिना चढताना धाप लागायला लागली, तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. ग्रुपवर हे कळलं असतं तर मेसेजवाल्यांनी फटाके वाजवले असते. पण दोष मटण सोडण्याचा नव्हता, बटाटा धरण्याचा होता. मटणातलं लोह शरीर सहज उचलतं. डाळी-भाज्यांतलं लोह उचलायला मदत लागते. जेवताना लिंबू पिळलं, पेरू-आवळा खाल्ला की ते जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की कमी. आमच्या घरात जेवण झालं की आधण चढायचंच. तो चहा तासभर पुढं ढकलला, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, मटकी-मसूर-शेंगदाणे ताटात आले आणि पोरगी सुधारली. पाळी येणाऱ्या मुलींनी मटण सोडताना ही तपासणी आधीच करून घ्यावी. आम्ही उशिरा केली.

कुणी म्हणेल, आणि ग्रुपवर म्हणालेच, की माळकरी एका दिवसात सोडतात, त्यांचं काय बिघडतं? खरंय. माझे आजोबा त्यातलेच. पण माळ घालणाऱ्याच्या मागं अख्खी दिंडी उभी असते. भजनाची मंडळी, एकादशी, घरातलं वेगळं भांडं, आणि गावानं दिलेला मान. त्याच्या ताटात वशाट वाढायची कुणाची छाती होत नाही. माझ्या ताटात वाढायला सगळे टपलेले असतात, वर "आजारी हायस काय?" म्हणून विचारतात. दोघांना एकच नियम कसा लावायचा?

"शरीर ना इकडचं ना तिकडचं" हे वाक्य कुठल्या वैद्यकातून आलं कुणास ठाऊक. प्रत्यक्षात उलटं आहे. कडधान्यांत काही साखरी अशा असतात ज्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. आठवड्याला एकदा उसळ खाणारा माणूस सोमवारपासून दोन्ही वेळा उसळ खायला लागला तर गुरुवारपर्यंत पोटाचा ढोल होणार. मग तो जाहीर करणार, "मला शाकाहार सोसत नाही." सावकाश वाढवलं की आतडं रुळतं. आठ तास भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, मोड आणायचे, शिजवताना हिंग टाकायचा. हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं तरी त्या करत होत्या. थोडक्यात, हळूहळू जाण्याचं सगळ्यात भक्कम कारण पोटातच आहे.

जाता जाता दुसऱ्या बाजूचीही एक थाप. शाकाहारवाल्यांच्या ग्रुपवर फिरतं की मटण सात-सात दिवस पोटात सडतं. सडत नाही. जठरातून ते काही तासांत पुढं सरकतं आणि त्यातली प्रथिनं लहान आतड्यात चांगली पचतात. मटण कमी करायला असल्या भीतीची गरज नाही.

बी १२ चं काय? मेसेजमधली ही एकच भीती गंभीर आहे, फक्त मुदत चुकली आहे. शरीरात, बराचसा यकृतात, या जीवनसत्त्वाचा साठा दोन ते पाच मिलिग्रॅम असतो आणि रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम, हिशेब करा. साठा भरलेला असेल तर तो महिन्यात नव्हे, काही वर्षांत उतरतो. धोका नेमका यातच आहे. पहिली दोन वर्षं काही होत नाही, माणूस निर्धास्त होतो आणि नंतर हातापायाला मुंग्या यायला लागतात. वनस्पतींत बी १२ भरवशाचं मिळत नाही, इडली-आंबोळी आंबवल्यानंही मिळत नाही. दूध, दही, अंडी यांत मिळतं. अर्धा लिटर दूध-दह्यात दिवसाची गरज जवळपास भागते. म्हणजे गोकुळ दूध संघाच्या जिल्ह्यात राहून मटण सोडणाऱ्याला मार्ग आहे, दूधही सोडणाऱ्यानं मात्र गोळी घ्यावीच. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि पित्तावरच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या रोज खाणाऱ्यांत बी १२ कमी होऊ शकतं, ते मटण खात असले तरी. आमच्या ग्रुपवर या दोन्ही गोळ्यांचे भरपूर गिऱ्हाईक आहेत. त्यांनी माझी काळजी करण्याआधी स्वतःचं रक्त तपासावं.

आता पैलवान. हा मुद्दा आला की ग्रुपवर सगळ्यांच्या छात्या फुगतात, त्यात मीही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं, गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमी आजही घुमतात, आणि हो, इथल्या पैलवानाच्या खुराकात मटण असतं. नाकारत नाही. पण त्याच खुराकात बदाम घोटलेली थंडाई असते, लिटरनं दूध असतं, तूप असतं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणारे सगळे काय मटणाची जागा भरायला येतात? (दूध उकळून प्या म्हणणारे एक डॉक्टर मी तिथंच पेला रिकामा करताना बघितलेत.) दिल्ली-हरियाणाकडं तर मांसाला न शिवणारे पैलवान भरपूर. सुशील कुमार शाकाहारी, आणि त्यानं २००८ ला कांस्य आणि २०१२ ला रौप्य, अशी दोन ऑलिम्पिक पदकं आणली. पुढं त्याचं जे झालं ते वेगळं, पण डाव डाळ-दुधावरच टाकले होते.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. आपण पैलवान आहोत का? मी दिवसभर खुर्चीत बसून बिलं तपासतो. मला रोज किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, हा भारतीय आहारतज्ज्ञांनी ठरवलेला आकडा. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साडेतीनशे. आता आपलं मटण मोजू. पाच माणसांच्या घरात किलोभर येतं. माणशी दोनशे ग्रॅम, त्यात नळी-हाडं काढली तर खाण्याजोगं दीडशेच्या आत, म्हणजे प्रथिनं फार तर तीस ग्रॅम. आठवड्यातून दोनदा धरलं तर साठ. साडेतीनशेतले साठ! उरलेले आजवर कुठून आले? भाकरीतून, आमटीतून, उसळीतून, दूध-दह्यातून, शेंगदाण्याच्या चटणीतून. कोल्हापूरकर मटणावर जगतो हा समज आहे. तो जगतो भाकरी-आमटीवर आणि मिरवतो मटणावर. ते साठ ग्रॅम भरून काढायला आठवडाभरात पाव किलो शेंगदाणे पुरतात.

परवडण्याबद्दल फार लिहीत नाही. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून याच शहरानं आंदोलन केलं, दुकानं बंद पडली. त्या शहरानं मटकी-मसूर महाग म्हणू नये. पनीर खा असं कुणी सांगितलंय? आमच्याकडं वर्षातून चारदा येत असेल, तेही पाहुण्यांच्या पोरांसाठी.

राहता राहिला "मग राहिलं काय?" हा प्रश्न. हा मला सगळ्यात जड गेला, कारण मला मटणाची आठवण येत नव्हती, रस्स्याची येत होती. हे कळायलाच चार महिने गेले. तांबड्या रस्स्यात जे जिभेला धरतं ते संकेश्वरी मिरचीच्या चटणीत, भाजलेल्या कांदा-खोबऱ्यात, तिळात आणि वरच्या तर्रीत असतं. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं तिखट मसाल्यालाच चटणी म्हणतात.) तीच फोडणी अख्ख्या मसुराला बसते, कोवळ्या फणसाला बसते, वांग्याला तर बसतेच. मिसळीचा कट दुसरं काय आहे? पांढरा रस्सा मात्र हरवला, हे कबूल करतो. अळणीशिवाय (म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्याशिवाय) पांढरा रस्सा म्हणजे नारळाचं दूध आणि आशा. बायकोनं काजू, खसखस, मशरूमचं पाणी असं सगळं करून बघितलं, घरात कुणी दुसरी वाटी मागितली नाही.

आणि कोल्हापूर म्हणजे एकट्या रस्सेवाल्यांचं गाव आहे का? शिरोळ-हातकणंगल्यात पिढ्यान् पिढ्या शेती करणारे जैन आहेत, गावोगाव लिंगायत आहेत. ऊस त्यांच्याही शेतात तेवढाच उंच वाढतो.

कमी कसं केलं ते विचारणाऱ्या दोघा-तिघांसाठी: श्रावणापासून सुरुवात केली नाही. श्रावण आपण पाळतो, पण त्यात काही शिकत नाही. गटारीला ताणून खायचं, महिनाभर दिवस मोजायचे आणि संपला की वसुली करायची. मी आधी बुधवार सोडला, कारण बुधवारी घरात कुणाचं लक्षच नसायचं. त्या दिवशी अख्खा मसूर ठरवून टाकला, काय करायचं हा प्रश्नच ठेवला नाही. तीन महिन्यांनी शुक्रवार गेला. रविवार सगळ्यात चिवट. तिथं आधी एकाआड एक केला, आणि पाहुण्यांकडं गेलो तर नुसता रस्सा-भाकरी घेतली. अळणी मटणाचीच असते, मग हे कसलं सोडणं, असं मुलगी म्हणाली. तिचं बरोबर होतं, तरी त्यानं सहा महिने निभावून नेलं.

पुढच्या महिन्यात मामाच्या गावाला म्हाई, म्हणजे गावची मटणाची जत्रा आहे. मामाचा फोन आला होता, "येणार का, का तुझ्यासाठी वांगं भरायला सांगू?" येतो म्हटलं. म्हाईला मी अजून खातो. वांगं मुलीसाठी भरायला सांगितलंय.