सुपरकार म्हणजे मुदत ठेव नव्हे

जुनी सुपरकार घ्या, दोन वर्षं मिरवा, घेतल्या भावात विका आणि हौस फुकटात भागवा, असा सल्ला देणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. आधी दुर्लक्ष केलं. पण परवा तो भाच्याने पाठवला. सोबत एका वापरलेल्या मॅक्लारेन एमपी४-१२सीची जाहिरात आणि एका ओळीचा प्रश्न : "मामा, कर्ज काढून घेऊन टाकू का?" आता उत्तर देणं भाग आहे. मेसेजमध्ये पाच दावे आहेत, एकेक घेतो.

दावा १ : "एक्झॉटिक गाडीची किंमत कधी घसरत नाही."

कुठल्या गाडीची? हीच १२सी २०११ मध्ये ब्रिटनमध्ये १ लाख ६८ हजार पौंडांच्या घरात विकायला आली. २०१४ मध्ये कंपनीने ६५०एस आणली, १२सी बंद केली, आणि वापरलेल्या १२सी लाख पौंडांच्या खाली उतरत गेल्या. त्यासाठी ना अपघात व्हावा लागला ना बिघाड. दारात नवं मॉडेल आलं, एवढं पुरलं. लॅम्बोर्गिनीने गायार्दो ही गाडी घ्या, दहा वर्षांत १४ हजारांहून जास्त बनवल्या. तिलाही मेसेजवाले 'दुर्मीळ' म्हणतात!

पुराव्यादाखल एक आलेख चिकटवलाय, तो २०२२ ला संपतो. सोयीस्कर आहे. चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळेनात, व्याज जवळजवळ शून्यावर, म्हणून जुन्यांचे भाव चढले होते. २०२३ मध्ये अमेरिकेत व्याजदर ५ टक्क्यांच्या वर गेला आणि त्याच वर्षी नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या चैनीच्या वस्तूंच्या निर्देशांकात क्लासिक गाड्या ६ टक्क्यांनी उतरल्या. आलेख एक वर्ष पुढे ओढला असता तर मेसेज लिहायची गरजच उरली नसती.

दावा २ : "लिमिटेड एडिशन असेल तर नफा पक्का."

या वाक्याला एकच उत्तर पुरे आहे : जॅग्वार एक्सजे२२०.

१९८८ च्या ब्रिटिश मोटर शोमध्ये जॅग्वारने ही गाडी दाखवली. व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद. तो काळ गाड्यांच्या सट्ट्याचा होता. ऑगस्टमध्ये फरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फरारी वारले होते, फरारींचे भाव आकाशाला भिडत होते, आणि जो तो पुढची लॉटरी शोधत होता. जॅग्वारने ३५० च गाड्या बनवायचं ठरवलं, बुकिंगला ५० हजार पौंड मागितले, आणि हजाराहून जास्त लोक रांगेत उभे राहिले. त्यातल्या कित्येकांना गाडी चालवायचीच नव्हती, बुकिंगची चिठ्ठी चढ्या भावात विकायची होती.

गाडी तयार झाली तेव्हा तिच्यात व्ही१२ नव्हतं, साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो व्ही६ होतं. ताकदही फक्त मागच्या चाकांना. करारात किंमत महागाईशी जोडलेली असल्यामुळे ती मात्र चढत गेली. दरम्यान बाजार कोसळला. मग काय झालं? ज्यांनी नंबर लागावा म्हणून धडपड केली होती, तेच सुटकेची वाट शोधू लागले. कंपनीने पैसे भरून करारातून मोकळं होण्याची मुभा दिली. म्हणजे गाडी *न* घेण्यासाठी पैसे मोजायचे. काही जण कोर्टात गेले, आणि निकाल जॅग्वारच्या बाजूने लागला. ३५० सोडाच, तीनशेही बनल्या नाहीत, आणि बनलेल्यांतल्याही काही उत्पादन थांबल्यावर वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाविना पडून होत्या.

लक्षात घ्या, ही गाडी भंगार नव्हती. १९९२ मध्ये तिने ताशी २१२ मैलांचा वेग गाठला होता, आणि लिमिटेड तर होतीच. आज तिला पुन्हा मान आहे, पण महागाई धरली तर पहिल्या मालकाचे पैसे तीस वर्षांनीही वसूल होत नाहीत. किती बनल्या यावर भाव ठरत नाही. किती जणांना हवी आहे आणि त्यांच्या हातात तेव्हा पैसा आहे का, यावर ठरतो.

दावा ३ : "लिलावाचे विक्रम बघा!"

बघूया. मेसेजमधलं लाडकं उदाहरण १९६२ च्या फरारी २५० जीटीओचं आहे : मालकाने १९८५ मध्ये ५ लाख डॉलरला घेतली, नोव्हेंबर २०२३ मध्ये आरएम सदबीजच्या लिलावात ५ कोटी १७ लाखांना गेली. आकडे खरे आहेत. अर्धेच सांगितलेत. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, ती ४ कोटी ७० लाखांवर. वरचे ४७ लाख हे खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेलं शुल्क, विकणाऱ्याच्या खिशात त्यातला छदामही जात नाही. बातमीत नेहमी शुल्कासकटचा आकडा छापतात. शिवाय लिलावगृहाची अपेक्षा ६ कोटींच्या वरची होती.

आणि याच मॉडेलची, जगात जेमतेम ३६ असलेली, दुसरी एक २५० जीटीओ १९८९ च्या तेजीत एकाने १ कोटी ४६ लाख डॉलर मोजून घेतली होती. १९९४ पर्यंत तशीच आणखी एक सुमारे ३५ लाखांत मिळाली. 'दोन वर्षं ठेवा नि विका' हा मंत्र त्या १९८९ वाल्याला ऐकवून बघा. ३८ वर्षं थांबण्याची ऐपत असलेल्या माणसाचं उदाहरण देऊन दोन वर्षांचा सल्ला द्यायचा, ही चलाखी आहे.

दावा ४ : "कर्ज काढा, गाडी स्वतःच हप्ते फेडते."

बाकीचे दावे नुसते बावळट आहेत, हा घातक आहे. हिशोबाला गाडी १०० ची धरू आणि मेसेजवाल्यांना सवलत देऊन भाव जराही पडला नाही असंही मानू. ९ टक्के दराने दोन वर्षांचं व्याज साधारण १८. विमा वर्षाला २ धरला तर ४. जाहिरातीतला १०० हा *मागितलेला* भाव असतो. डीलर तुमच्याकडून घेताना स्वतःचा नफा कापून ९० वर बोलेल. म्हणजे आणखी १० गेले. झाले ३२. अजून गाडीचा एकही सुटा भाग बदललेला नाही.

आणि भाग बदलावे लागतात. फरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलायचा असतो, आणि त्यासाठी इंजिन गाडीबाहेर काढावं लागतं. क्लच पेडल नसलेल्या जुन्या सिंगल क्लच गिअरबॉक्सचा क्लच पार्किंगमध्ये मागेपुढे करत राहिलं तरी झिजतो. संगणक जोडल्यावर किती टक्के उरलाय ते कळतं, म्हणून चलाख विक्रेता तो जोडू देत नाही. कार्बन सिरॅमिक ब्रेकची झीज नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. डिस्क काढून वजन करायचं आणि तिच्यावरच कोरलेल्या किमान वजनाशी ताडून बघायचं. कमी भरलं तर चारही डिस्कचं बिल बघून हप्ता विसरायला होतं. गाडी तेरा वर्षांची झाली, पडेल भावात मिळाली, तरी सुट्या भागांच्या किमती सुपरकारच्याच राहतात. स्वस्तातली १२सी घेणारा नेमका इथेच फसतो.

दावा ५ : "कमी चाललेली आणि मॅन्युअल घ्या, डोळे झाकून."

यात तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. पोर्शे कॅरेरा जीटी १,२७० बनल्या, व्ही१० इंजिन, मॅन्युअल गिअर. आज त्या नव्या किमतीच्या कितीतरी पट आहेत. उघड्या जाळीतून गिअर टाकायच्या फरारी एफ४३० ला पॅडलवाल्या (स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलायच्या) एफ४३० पेक्षा खूप जास्त भाव मिळतो. टर्बो आणि हायब्रिड आल्यापासून जुन्या धाटणीच्या इंजिनांची ओढ वाढलीय, आणि उलट फरारीचीच हायब्रिड एसएफ९० वापरलेल्या बाजारात चांगलीच आपटली.

कमी किलोमीटरचं मात्र जपून. उभ्या गाडीचे रबरी सील वाळतात, बॅटरी जाते, टायर कडक होतात. टायरवर DOT च्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. मीटरवर पाच हजार आणि टायर दहा वर्षांचे असतील तर गाडी जपलेली नाही, नुसती उभी होती. आणि मॅन्युअलला जास्त भाव मिळतो हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. तो जास्तीचा भाव त्याने जाहिरातीत आधीच लावून ठेवलाय, म्हणजे तो फायदा घेणाऱ्याच्या नव्हे, त्याच्या खिशात गेलाय.