गोलचा बार मोडणारे क्लबचे वैरी नव्हते

गेले काही दिवस फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपांमधून एक मजकूर फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला, त्यात एकदा मावसभावाकडून. वर रंग उडालेला जुना फोटो आहे: ग्राउंडभर माणसं, आणि गोलचा आडवा बार तुटून खाली आलेला. खालचा मजकूर ब्रायटन या इंग्लिश फुटबॉल क्लबबद्दल आहे, थोडक्यात असा:

'१९९६ मध्ये ब्रायटनच्या फॅन्सनी आपल्याच क्लबच्या मॅचमध्ये घुसून गोलपोस्ट मोडले. मॅच बंद पडली. शिक्षा म्हणून क्लबचे पॉइंट कापले गेले आणि क्लब बुडता बुडता वाचला. एवढं करून ग्राउंड गेलं ते गेलंच. क्लब उभा राहिला तो पुढे मालक झालेल्या टोनी ब्लूमच्या पैशावर. तरी ही मंडळी अजून त्या गुंडगिरीच्या आठवणी काढून टाळ्या पिटतात.'

मितोमा या जपानी खेळाडूचं ड्रिबलिंग बघून ब्रायटनच्या प्रेमात पडलेल्या पोरांना हा इतिहास ठाऊक नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. पण हा मजकूर लिहिणाऱ्याला बरंच ठाऊक आहे आणि तरी त्याने सगळ्याचा क्रम उलटा लावलाय. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी जे खरं आहे ते. २७ एप्रिल १९९६, ब्रायटनला लागून असलेल्या होव्हमधलं गोल्डस्टोन हे क्लबचं ग्राउंड, समोर यॉर्क सिटीची टीम. मॅच सुरू होऊन १६ मिनिटं होतात आणि माणसं मैदानात उतरतात. बारला लोंबकळतात, बार तुटतात. मॅच रद्द होते. तोडफोड झाली हे मान्य, आणि ती झालीच नाही असं त्यांच्यातलंही कुणी म्हणत नाही.

फक्त 'का' हा शब्द त्या मजकुरात कुठेच नाही. तो आणायचा तर थोडं मागे जावं लागेल.

ब्रायटन अँड होव्ह अल्बियन १९०२ पासून गोल्डस्टोनवर खेळत होता. १९९५ च्या उन्हाळ्यात 'आर्गस' या तिथल्या स्थानिक वर्तमानपत्राने बातमी फोडली, की संचालकांनी ग्राउंड विकायला काढलंय. चार्टवेल नावाच्या कंपनीला ७४ लाख पौंडांना. पुढे तीच जमीन २ कोटी ३८ लाख पौंडांच्या वर गेली. आणि क्लब कुठे खेळणार? तर पोर्ट्समथला, दुसऱ्याच परगण्यात, दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू म्हणून. नवं ग्राउंड कुठे बांधणार याचा पत्ताच नव्हता. घर विकलं, दुसरं घेतलं नाही, आणि घरातल्यांना हे कळलं पेपर वाचून.

संचालकांची बाजूही सांगायला हवी. क्लब कर्जात होता, खोटं नाही. १९९३ मध्ये कर थकल्यामुळे क्लब बंद पाडण्याची वेळ आली होती, आणि तेव्हा ग्रेग स्टॅनली आणि बिल आर्चर हे दोघे पुढे आले म्हणून तो तगला. पण आर्चरच्या हाती क्लबमधला हिस्सा आला तो ५६ पौंड २५ पेन्स मोजून. छापायची चूक नाही ही, छप्पन्न पौंडच. हे आर्चर राहायचे लँकशायरमध्ये, ब्रायटनपासून शेकडो किलोमीटर दूर. रोजचा कारभार पाहायचे डेव्हिड बेलोटी, जे त्याआधी ईस्टबर्नचे खासदार होते.

आता कलमाची गोष्ट. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात ती सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि बार तुटण्याइतकी तिची फोटोत मजा येत नाही म्हणून कुणी सांगत नाही. काही सपोर्टरनी कंपनी नोंदणी कार्यालयात जाऊन क्लबचे कागद काढले. आपल्याकडे एखादी नोंदणीकृत संस्था बरखास्त झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांनी आपसात वाटून घ्यायची नसते, तशाच दुसऱ्या संस्थेला द्यायची असते. अगदी त्याच धर्तीचं कलम ब्रायटनच्या घटनेत होतं: क्लब गुंडाळला तर उरलेला पैसा भागधारकांच्या खिशात जाणार नाही, खेळाच्या कामाला जाईल. मालकीची नवी मांडणी झाली तेव्हा ते कलम गळलं. गवगवा झाल्यावर परत घातलं गेलं. पण तोवर सपोर्टरच्या मनात जे यायचं ते येऊन गेलं होतं: जमीन विकलेली, कलम काढलेलं, आता क्लब मेला तर कुणाचं भलं होणार?

त्यांनी काय करायला हवं होतं, हा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःला विचारून बघावा. अर्ज करा? केले. सभा घ्या? घेतल्या. बैठ्या निदर्शनांपासून थेट आर्चरच्या गावापर्यंत जाऊन झालं. यॉर्कची मॅच त्या सीझनची घरची शेवटची मॅच होती, आणि त्या दिवशी मैदानात उतरलेल्या प्रत्येकाच्या समजुतीनुसार गोल्डस्टोनवरची शेवटची. टीम आधीच खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलेली. म्हणजे त्या मॅचमधून ब्रायटनला ना काही मिळायचं होतं, ना काही जायचं होतं. 'आपल्याच टीमचं नुकसान केलं' हा आरोप इथेच निम्मा ढिला पडतो.

नुकसान झालं असेल तर भलत्याच गावाचं होण्यासारखं होतं, आणि यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. यॉर्क रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्याच्या, कडेवर होतं. ती मॅच ९ मे रोजी सकाळी ११ वाजता पुन्हा खेळवली गेली, यॉर्क ३-१ जिंकलं आणि वाचलं, आणि त्याच्याऐवजी कार्लाइल हा दुसरा क्लब खाली गेला. यॉर्क हरलं असतं तर? ब्रायटनच्या भांडणाचा हिशेब तिसऱ्याच्याच नावावर लागला असता. टीका करायची असेल तर ही करा, मी ऐकून घेईन.

पॉइंटचं बघू. 'शिक्षा म्हणून पॉइंट कापले' हे वाक्य चूक आहे, साधी तारखेची चूक. यॉर्कच्या मॅचबद्दल इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ३ पॉइंटची शिक्षा सुनावली, पण स्थगित ठेवली; एकही पॉइंट गेला नाही. प्रत्यक्षात २ पॉइंट गेले ते पुढच्या सीझनला, १ ऑक्टोबर १९९६ च्या लिंकन सिटीविरुद्धच्या मॅचमध्ये लोक पुन्हा मैदानात उतरले म्हणून. ते २ पॉइंट जिवावर बेतले होते, हे मात्र शंभर टक्के खरं. सगळ्यात खालच्या डिव्हिजनच्या तळाला राहणारा क्लब लीगबाहेर जाणार होता, आणि सीझन संपला तेव्हा तळाच्या ब्रायटन आणि हेरफर्ड दोघांचे ४७ पॉइंट होते. गोलफरक हेरफर्डचा बरा होता. पण त्या काळी लीगमध्ये आधी मोजायचे केलेले गोल, आणि ब्रायटनचे होते ५३, हेरफर्डचे ५०. तीन गोलांवर क्लब लीगमध्ये राहिला.

ती शेवटची मॅच, ३ मे १९९७, हेरफर्डच्याच ग्राउंडवर या दोघांमध्येच होती. पटकथेत लिहिली तर दिग्दर्शक म्हणेल, जरा कमी करा. ब्रायटनच्या केरी मेयोकडून स्वतःच्याच गोलमध्ये बॉल गेला. दुसऱ्या हाफमध्ये क्रेग मॅस्केलचा शॉट पोस्टवर आपटून परत आला आणि बदली उतरलेल्या रॉबी राइनेल्टने तो आत मारला. १-१. ड्रॉ पुरेसा होता. वर्षभरापूर्वी ज्यांनी बार मोडले, त्यांना पोस्टनेच हात दिला म्हणायचं.

'ग्राउंड गेलं ते गेलंच.' हो, गेलं. पण कधी गेलं ते बघा. यॉर्कची रद्द झालेली मॅच शेवटची ठरली नाही. त्यानंतर काही दिवसांतच चार्टवेलकडून गोल्डस्टोन आणखी एका वर्षासाठी भाड्याने घेतलं गेलं, ४ लाख ८० हजार पौंड मोजून. निव्वळ मोडलेल्या बारमुळे सही झाली असा दावा मी करणार नाही. पण तोवर जे प्रकरण ससेक्स या ब्रायटनच्या परगण्याबाहेर कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, ते त्या संध्याकाळी देशभरच्या टीव्हीवर होतं, आणि अशा वेळी गुपचूप काही उरकणं जड जातं.

आणि त्या एका वर्षात काय काय मावलं! ८ फेब्रुवारी १९९७ ला हार्टलपूलविरुद्धच्या मॅचला इतर क्लबांचे सपोर्टर आपापले शर्ट घालून गोल्डस्टोनवर आले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे एका स्टँडमध्ये, ८,४१२ माणसं, आणि तळाला पडलेली टीम ५-० जिंकली. त्या दिवसाला 'फॅन्स युनायटेड' म्हणतात. त्याच वर्षात असोसिएशनच्या पुढाकाराने मध्यस्थ बसवून वाटाघाटी झाल्या आणि जाहिरात व्यवसायातले डिक नाइट यांच्या गटाकडे क्लब आला. त्याच वर्षात हेरफर्ड झालं. गोल्डस्टोनवरची खरी शेवटची मॅच २६ एप्रिल १९९७ ला, डॉनकास्टरविरुद्ध, स्टुअर्ट स्टोररच्या एका गोलवर जिंकलेली. शिट्टी झाल्यावर लोक पुन्हा मैदानात उतरले, पण या वेळी हिरवळीचे तुकडे काढायला. कुणी पिशवीत माती नेली, कुणी खुर्ची उचकटून खांद्यावर टाकली. दगड देवळाचा असो की ग्राउंडचा, नेणारा तसाच नेतो.

नंतर तिथे दुकानं उभी राहिली. सगळ्यात मोठं खेळण्यांचं होतं. ते २०१८ मध्ये बंद पडलं.

राहिला ब्लूम. त्याचं श्रेय कमी करण्यात मला रस नाही. नवं स्टेडियम त्याच्या पैशाशिवाय उभं राहिलं नसतं. पण तो चेअरमन झाला २००९ मध्ये. १९९७ ते २००९ ही बारा वर्षं या मजकुरात कुठे आहेत? दोन वर्षं क्लब जिलिंगहॅमला 'घरच्या' मॅच खेळला, शंभराहून जास्त किलोमीटर लांब. विचार करा, घरची मॅच बघायला मुंबईहून लोणावळ्याच्या पुढे जायचं, दर पंधरवड्याला, चौथ्या डिव्हिजनची टीम बघायला. मग १९९९ पासून विदडीन, म्हणजे धावण्याच्या ट्रॅकच्या मधोमध आखलेलं मैदान, उघडे तात्पुरते स्टँड, पाऊस आला की डोक्यावर घ्यायचा. याच विदडीनवरून २००१ आणि २००२ मध्ये लागोपाठ दोन डिव्हिजन जिंकल्या, हे आपलं जाता जाता.

आणि ते नवं स्टेडियम, फाल्मरचं? त्यासाठी शहरात १९९९ मध्ये जनमत घेतलं गेलं, लोकांनी मोठ्या फरकाने होकार दिला. सरकारी परवानगी २००५ मध्ये मिळाली, कोर्टात अडकली, पुन्हा मिळाली ती २००७ मध्ये. हे सगळं ढकललं कुणी? यॉर्कच्या मॅचला मैदानात उतरलेल्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनीच, फक्त या वेळी हातात सह्यांचे कागद होते. ब्लूमने चेकवर सही केली तेव्हा ज्याच्या नावाने चेक लिहायचा तो क्लब जिवंत होता, जमीन ठरलेली होती, परवानगी आलेली होती. २०११ ला स्टेडियम उघडलं, लीगची पहिली मॅच पुन्हा डॉनकास्टरशीच. २०१७ ला प्रीमियर लीग. २०२३ ला युरोपातली स्पर्धा.

मजकुराच्या एका आवृत्तीत शेपटी जोडलीये: 'आपल्याकडे असले प्रकार होत नाहीत, हे आपलं नशीब.' यावर एवढंच आठवण करून देतो, की मुंबईच्या कूपरेज ग्राउंडवर खेळणारी महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग विजेती टीम होती, आणि २०१० मध्ये कंपनीने ती बंद केली. एका पत्रकावर. बार शाबूत होते.

टाळ्या पिटण्याबद्दल शेवटचं. त्या दिवसाची आठवण काढणारी ब्रायटनची जुनी माणसं ऐकली वाचली की जाणवतं, त्यांच्या बोलण्यात मिरवणं कमी आणि अवघडलेपण जास्त असतं. आपल्याच घराची चौकट आपण उखडली, हे सांगताना माणूस जसा बोलेल तसं. शिवाय त्यांना हेरफर्डही ठाऊक आहे. जो क्लब त्या १-१ मुळे लीगबाहेर गेला, तो डिसेंबर २०१४ मध्ये कोर्टाच्या आदेशाने गुंडाळला गेला, आणि तिथल्या सपोर्टरना नव्या नावाने नवा क्लब काढावा लागला.

तेव्हा मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर निदान एवढं दुरुस्त करून पाठवा: पॉइंट गेले ते लिंकनच्या मॅचचे, २, यॉर्कच्या मॅचचे नाहीत. मावसभावाला मी हे कळवलंय. त्याने अंगठा पाठवलाय, आणि मजकूर अजून त्याच्या स्टेटसवर आहे.