आवळ्याने डिस्ट्रॉफिन तयार होत नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: "मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणजे स्नायूंना चढलेला गंज. आईने गरोदरपणात जंक फूड खाल्लं की तो चढतो. मुलाला आवळा आणि व्हिटॅमिन ई द्या, लिव्हर डिटॉक्स करा, रोज शंभर उठाबशा काढायला लावा, स्टेरॉइड आजच बंद करा."

मस्क्युलर डिस्ट्रॉफीत स्नायू हळूहळू झिजत जातात. गंजाची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून तर ती पटते. मुलग्यांना होणाऱ्या ड्युशेन प्रकारात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन जवळपास बनतच नाही. त्याच्याविना स्नायूपेशीचं आवरण हालचालीच्या ताणाने फाटतं, कॅल्शियम आत शिरतं आणि ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे गंजासारखी रासायनिक झीज, वाढतो. छप्पर फाटलंय म्हणून भिंतीला ओल आली. ओल पुसून छप्पर शिवलं जात नाही.

आईचं खाणं? दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. कधी तो आईकडून येतो, सुमारे एकतृतीयांश मुलांत नव्यानेच घडतो. पिझ्झाचा त्यात काही संबंध नाही. सुनेला ऐकवायला सासरी आधीच कारणं कमी नसतात, त्यात हे आणखी एक नको.

व्हिटॅमिन ईची आशा मात्र जुनी. ते न मिळालेल्या सशांचे आणि गिनीपिगचे स्नायू झिजतात, हे १९३१ मध्येच दिसलं होतं. पण ती झीज कमतरतेची होती, या मुलांची तशी नाही. त्यांना ते देऊन पाहिलं गेलं, आजार हटला नाही. आयडेबेनोन या अँटिऑक्सिडंटने, म्हणजे तो ऑक्सिडेटिव्ह ताण कमी करणाऱ्या औषधाने, श्वासाची ताकद टिकते का, हे तपासणारी मोठी चाचणीही मधल्या आढाव्यात फायद्याची चिन्हं न दिसल्याने २०२० मध्ये थांबवली. आवळा खुशाल खा, लोणचं म्हणून.

उठाबशा नकोतच. खाली बसताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि नेमकं तेच या स्नायूंना सोसत नाही. पोहणं चालेल, फिजिओथेरपिस्टला विचारून.

सगळ्यात घातक ओळ स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लॅझाकॉर्ट या स्टेरॉइडमुळे मुलाचं चालणं काही वर्षं जास्त टिकतं. वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात, हे खरंच. खाण्याचं खरं काम इथे आहे: साखर-तळण कमी, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पुरेसं. पण अनेक महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीरात स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी सुस्तावते. गोळी एकदम तोडली तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी जीवावर बेततं. कमी करायची तर डॉक्टरांच्या हिशेबाने, पायरीपायरीने.

राहिलं लिव्हर. या मुलांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीत मोजलं जाणारं एक एन्झाइम, वाढलेलं असतं, पण ते बहुधा स्नायूंतून आलेलं असतं. काही मुलं निदानाआधी लिव्हरची औषधं घेत बसतात. मूल जिने चढताना अडखळतं, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतं आणि एसजीपीटी जास्त आलंय, तर डिटॉक्सचा काढा नको, आधी रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायू फाटले की रक्तात उतरणारं एन्झाइम, तपासा.