स्तनाची पुनर्रचना आणि ‘छातीतला फुगा’: फिरत असलेल्या एका संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश माझ्याकडे निदान चार वेगवेगळ्या गटांमधून आला. तो असा: ‘भगिनींनो, सावधान! कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर डॉक्टर छातीत प्लास्टिकचा फुगा बसवतात. तो फुटला की आतले केमिकल रक्तात मिसळते. परदेशात यावर बंदी आहे, आपल्याकडे प्रयोग चालू आहेत. फुग्यामुळे कॅन्सर परत येतो आणि आला तरी तपासणीत दिसत नाही. फुगा असला की रेडिएशन देता येत नाही. हे सगळे सुंदर दिसण्याचे चोचले आहेत, विमाही मिळत नाही. प्रत्येक महिलेपर्यंत पोहोचवा.’

मी अनेक वर्षे प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत परिचारिका म्हणून काम केले आहे. ज्याला हा संदेश ‘फुगा’ म्हणतो तो टिश्यू एक्स्पांडर मी हातात धरून बायकांना दाखवला आहे आणि तो भरताना डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिले आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली एक बाई हाच संदेश मोबाइलवर दाखवून पुनर्रचना नको असे सांगून गेली, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. नकार देण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. पण ज्या कारणांसाठी तिने नकार दिला त्यातले एकही जसे सांगितले तसे खरे नव्हते, आणि ज्या गोष्टींचा तिने खरोखर विचार करायला हवा होता त्यांचा संदेशात उल्लेखही नव्हता.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते, म्हणजे ‘केमिकल’चा मुद्दा आपोआप उलगडेल. स्तन काढताना बहुधा त्यावरची बरीच त्वचाही जाते. उरलेली त्वचा कायमचे इम्प्लांट, म्हणजे स्तनाच्या जागी बसवायची कृत्रिम पिशवी, सामावण्याइतकी सैल नसते, म्हणून ती हळूहळू वाढवावी लागते. त्यासाठी सिलिकॉनच्या आवरणाची एक पिशवी छातीच्या मोठ्या स्नायूखाली, किंवा अलीकडे काही ठिकाणी स्नायूच्या वर, जवळजवळ रिकामी ठेवतात. तिला एक छोटे तोंड असते, त्याला पोर्ट म्हणतात. जखम भरली की, साधारण दोन-तीन आठवड्यांनंतर, त्या पोर्टमधून थोडे थोडे सलाइन भरायला सुरुवात होते. हाताला लावलेल्या बाटलीतून जे सलाइन शरीरात जाते तेच हे, म्हणजे निर्जंतुक पाण्यात ०.९ टक्के मीठ. पिशवीला चीर गेली किंवा पोर्ट गळू लागले तर हे पाणी आजूबाजूच्या ऊतींत जिरते आणि लघवीवाटे निघून जाते. छाती त्या बाजूला बसकी दिसू लागते आणि पिशवी बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. हा त्रास खराच आहे, पण ती विषबाधा नव्हे.

पाणी भरण्याची भीती मी सर्वांत जास्त पाहिली आहे. बाई टेबलावर उताणी झोपते. पोर्टमध्ये चुंबक असेल तर डॉक्टर दोऱ्याला टांगल्यासारखे एक छोटे चुंबकी साधन छातीवरून फिरवतात. पोर्ट जिथे असेल तिथे ते सरळ उभे राहते, तिथे पेनाने खूण करतात. मग ती जागा बेटाडिनने पुसून बारीक सुई टोचतात. बहुतेक बायकांना ही सुई जवळजवळ जाणवत नाही, कारण स्तन काढताना त्या भागातल्या संवेदनेच्या बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. एका वेळी साधारण ५० ते १०० मिलिलिटर पाणी आत जाते. त्वचा ताणली जाऊन पांढरी पडू लागली किंवा बाईने ‘बस’ म्हटले की थांबायचे, हा नियम. त्या रात्री छातीभोवती कुणी फडके आवळून बांधले आहे असे वाटते, दोन दिवसांत ते सैल होते. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. आमच्या ओपीडीत बायका एकमेकींना ‘तुझे किती झाले?’ असे विचारत, आणि आकडा मिलिलिटरमध्ये सांगत. त्वचा इथे रबरासारखी नुसती ताणली जात नाही. सततच्या ताणामुळे पेशींचे विभाजन वाढते आणि खरोखर नवी त्वचा तयार होते, जशी गरोदरपणात पोटावर होते. पुरेशी जागा झाली की काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत एक्स्पांडर काढून कायमचे इम्प्लांट बसवतात. याचा अर्थ एक्स्पांडर हा तात्पुरता पाहुणा आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याला एवढेही माहीत नव्हते.

‘प्रयोग चालू आहेत’ या म्हणण्याला आधार नाही. त्वचेखाली फुगा ठेवून त्वचा वाढवण्याची कल्पना अमेरिकी शल्यचिकित्सक चार्ल्स न्यूमन यांनी १९५७ मध्ये कानाच्या दुरुस्तीसाठी मांडली. चेडोमिर राडोव्हान यांनी १९७०च्या दशकात ती स्तनाच्या पुनर्रचनेसाठी वापरली आणि १९८२ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हापासून जगभर ही पद्धत नित्याच्या वापरात आहे. ‘परदेशात बंदी’ मात्र हवेतून आलेली नाही. दोन खऱ्या घटना त्यामागे असाव्यात असे मला वाटते. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध आणले. पण तेव्हाही कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी, अभ्यासाच्या देखरेखीखाली, ती मिळत होती, आणि २००६ मध्ये त्यांना पुन्हा मंजुरी मिळाली. दुसरी घटना जुलै २०१९ची. ॲलरगन कंपनीने ‘बायोसेल’ नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट आणि त्याच पृष्ठभागाचे एक्स्पांडर जगभरातून परत मागवले. हा एका विशिष्ट पृष्ठभागाविषयीचा निर्णय होता. गुळगुळीत पृष्ठभागाची साधने त्यात नव्हती.

या दुसऱ्या घटनेवर थांबले पाहिजे, कारण कर्करोगाविषयीचा दावा तिच्याशी गुंतलेला आहे. खरखरीत इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करते त्यात क्वचित एक लिम्फोमा होतो. हा स्तनाचा कर्करोग नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा आहे. २०१९च्या त्या निर्णयाच्या वेळी जगभरात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदलेले होते. इम्प्लांट असलेल्या बायकांची संख्या कोटींत मोजावी लागते हे लक्षात घेतले तर धोका लहान आहे, पण तो शून्य आहे असे मी म्हणणार नाही, आणि जी डॉक्टर मंडळी रुग्णाला हे सांगत नाहीत त्यांचे मला पटत नाही. हा आजार बहुधा इम्प्लांट बसवल्यानंतर कित्येक वर्षांनी, अचानक एका बाजूला पाणी साठून सूज आल्याने लक्षात येतो. लवकर कळला तर इम्प्लांट आणि भोवतीचे आवरण पूर्ण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणून ‘पृष्ठभाग कसला आहे?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेआधी विचारायलाच हवा.

मूळ स्तनाचा कर्करोग मात्र एक्स्पांडरमुळे परत येत नाही. तो परत येईल की नाही हे गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, पेशींचा प्रकार आणि दिलेले उपचार यांवर ठरते. पुनर्रचना केलेल्या आणि न केलेल्या बायकांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत त्याच जागी आजार परतण्याचे प्रमाण वाढलेले आढळलेले नाही. ‘आला तरी दिसत नाही’ हे ऐकायला पटते, कारण पिशवीमागे काही लपेल असे कुणालाही वाटेल. पण स्तन छातीच्या स्नायूच्या पुढे असतो. तो काढल्यावर आजार परतलाच तर तो बहुधा त्वचेत किंवा त्वचेच्या लगेच खालच्या थरात, म्हणजे पिशवीच्या पुढच्या बाजूला येतो. तिथली गाठ पिशवीमुळे उलट बोटांपाशी ढकलली जाते. या बाजूला नेहमीची मॅमोग्राफी सहसा करत नाहीत. डॉक्टरांचा हात, गरज पडल्यास सोनोग्राफी, आणि दुसऱ्या स्तनाची नियमित मॅमोग्राफी, असा पाठपुरावा असतो.

तपासणीच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. पोर्टमध्ये चुंबक असलेला एक्स्पांडर छातीत असेल तर एमआरआय सहसा करू देत नाहीत, कारण यंत्राचे प्रबळ चुंबकीय क्षेत्र पोर्टला खेचू शकते आणि पोर्ट सरकू किंवा उलटू शकते. चुंबक नसलेल्या पोर्टचे एक्स्पांडर आता आले आहेत, पण ते सगळीकडे नाहीत. पाठीच्या दुखण्यासाठी किंवा डोक्याच्या तपासणीसाठी त्या काही महिन्यांत कुणी एमआरआय लिहून दिला, तर आपल्या छातीत एक्स्पांडर आहे हे बाईने स्वतः आणि मोठ्याने सांगितले पाहिजे.

रेडिएशन, ज्याला आपल्याकडे कितीतरी जणी अजून ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, ते एक्स्पांडर असताना देता येते आणि दिले जाते. किरणांचे नियोजन सीटी स्कॅनवर होते आणि पोर्टमधला धातू त्यात धरला जातो. पण इथे संदेशातल्या खोट्यामागे एक खरी गोष्ट आहे, आणि तिच्यावर पांघरूण घालणे योग्य नाही. रेडिएशनने त्वचा जाड आणि कडक होते, रक्तपुरवठा घटतो, जंतुसंसर्गाची आणि पिशवी काढावी लागण्याची शक्यता वाढते, आणि भोवतीचे आवरण आवळून छाती दगडासारखी घट्ट होऊ शकते. म्हणून रेडिएशन लागणार हे आधीच ठाऊक असेल तर पुष्कळ शल्यचिकित्सक पुनर्रचना नंतर करण्याचा, किंवा पोटाच्या अथवा पाठीच्या ऊतीने स्तन घडवण्याचा सल्ला देतात. हा क्रम कर्करोगतज्ज्ञ, रेडिएशनचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन या तिघांनी मिळून ठरवायचा असतो. पुनर्रचनेसाठी कर्करोगाचा उपचार लांबवायचा नाही, हे तिघांनाही मान्य असलेले सूत्र आहे.

‘चोचले’ या शब्दाचा मला सर्वांत जास्त राग येतो. एका बाजूचे वजन गेल्यावर पदर खांद्यावर कसा ठरत नाही, ब्रामध्ये कापसाची घडी ठेवून बसमध्ये उभे राहताना हात सतत छातीकडे कसा जातो, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांनी हा शब्द वापरू नये. शरीराचा गेलेला भाग परत घडवण्याची परंपरा तर आपल्याच मातीतली आहे. इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले होते. पुण्यात एका कारागीर जातीच्या माणसाने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले, आणि त्याची हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आल्यावर युरोपातले शल्यचिकित्सक ती पद्धत शिकले. कावसजीला कुणी हौशी म्हटल्याचे वाचनात नाही.

विम्याचे म्हणणे तर सरळ चुकीचे आहे. विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्यातील वगळण्याच्या अटींचा जो प्रमाणित मसुदा ठरवून दिला, त्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळल्या आहेत. पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्याच वाक्यात अपवाद केलेला आहे. दावा ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारला गेला तर हे कलम, क्रमांक ८, पुढे ठेवून लेखी तक्रार करावी. खर्चाची मर्यादा आणि साधनाची किंमत यांवरून वाद होऊ शकतो, म्हणून पूर्वमंजुरी आधी घ्यावी आणि डॉक्टरांच्या पत्रात ‘कर्करोगानंतरची पुनर्रचना’ हे शब्द असावेत.

संदेश ज्याविषयी गप्प आहे ते आता सांगते. उत्तर अमेरिकेतील ११ केंद्रांत पुनर्रचना केलेल्या २,३०० हून अधिक बायकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व पद्धती धरून दोन वर्षांत जवळपास तिघींपैकी एकीला काही ना काही गुंतागुंत झाली, आणि सुमारे पाचजणींपैकी एकीला त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियागृहात जावे लागले. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. नव्या स्तनाला जुन्यासारखी संवेदना येत नाही. मधुमेह, लठ्ठपणा आणि तंबाखू यांनी जखम बिघडण्याचा धोका वाढतो, आणि तंबाखू म्हटले की आपल्या बायका मान हलवतात, ‘मी कुठे ओढते?’ म्हणतात. मिशरीचे नाव घेतले की गप्प होतात. मिशरीतले निकोटिनही रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि स्तन काढल्यानंतर मागे राहिलेली पातळ त्वचा तेवढ्याच रक्तावर जगायची असते. सासूसमोर सांगायची लाज वाटत असेल तर सिस्टरला एकटीला सांगा, पण शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी सांगा.

हे सगळे ऐकून एखादीने ‘मला सपाट छातीच चालेल’ किंवा ‘ब्रामध्ये घालायचा कृत्रिम स्तन पुरे’ असे ठरवले, तर तो निर्णय तितकाच चांगला. माझ्यासमोर अनेकींनी तो शांतपणे घेतला आहे, आणि पुनर्रचना वर्षा-दोन वर्षांनीही करता येते हेही त्यांना माहीत होते.

ज्यांच्या छातीत एक्स्पांडर किंवा इम्प्लांट आधीच आहे त्यांनी घरातली फाइल आजच उघडावी. साधनाच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात, त्यांवर कंपनी, प्रकार, पृष्ठभाग आणि लॉट क्रमांक छापलेला असतो, आणि त्यातली एक पट्टी डिस्चार्ज कार्डावर किंवा रुग्णाला द्यायच्या कार्डावर लावलेली असायला हवी. नसेल तर रुग्णालयाच्या नोंदणी विभागात अर्ज देऊन शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागावी. २०१९ मध्ये ज्यांच्याकडे ती पट्टी होती त्यांना आपले साधन परत मागवलेल्यांपैकी आहे की नाही हे पाच मिनिटांत कळले असते. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना फोनवर फोन करत बसावे लागले असते.