भाता कोन मारते?

गेल्या हिवाळ्यात आमच्या बाबांना एक नवाच नाद लागला. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले की अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावात सकाळचे अकरा वाजतात. तिथं काचेचं म्युझियम आहे, १९५१ चं. तिथले कारागीर लोकांसमोर भट्टीवर काच फुंकतात आणि कधीकधी ते यूट्यूबवर लाईव्ह दिसतं. मी वेल्डिंगचं दुकान बंद करून जेवता जेवता पाहत होतो.

"काय पाहून राह्यला बे?"

"काच फुगवून राह्यले."

बाबांनी फोन हातात घेतला तो दीड तास परत दिला नाही.

बाबा लोहार. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाचे आणि शेजारच्या पाच-सहा गावांचे विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा म्हणजे जमीन कापणारी पाती, बंडीच्या चाकाच्या धावा त्यांनी चाळीस वर्षं केल्या. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण ते कारागीर पुढे काय करणार हे मला सांगत होते. नळी सारखी फिरवत का राहायची, हे त्यांना विचारावं लागलं नाही. "थांबला का लोंबते ते, पाकासारखं." भट्टीत हजार-अकराशे डिग्रीला काच अगदी तशीच असते. पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर गुंडाळून बाहेर काढली की लगेच निवायला लागते, मग पुन्हा आगीत, पुन्हा बाहेर. एका फुलदाणीसाठी किती फेऱ्या होतात ते मोजायचं मी सोडून दिलं.

मग कारागिरानं भिजवलेल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेतली आणि त्यावर तो लाल गोळा फिरवायला लागला. हात आणि काच यांच्यामध्ये फक्त ओला कागद आणि वाफ. बाबा बाजेवर उठून बसले. "पेपरवर?"

पण त्यांची नजर खरी अडकली ती दुसरीकडेच. कारागीर बाकावर बसून नळी फिरवतो, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला एक पोरगी गुडघ्यावर बसून फुंकते. त्यानं नुसतं 'हं' केलं की फुंक, पुन्हा 'हं' केलं की बंद. "त्याले नको पाहू, हे पोरगी पाहा," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "भाता कोन मारते?"

म्हटलं, गॅसची भट्टी आहे, रात्रंदिवस चालूच असते.

चुलीपासून आई म्हणाली, "मले बसवा म्हना तिथं."

आईनं तीस वर्षं भाता मारला. बाबा लोखंड ऐरणीवर धरायचे, हातोडीनं जागा दाखवायचे आणि घण आईचा. गिऱ्हाईक मात्र पैसे बाबांच्या हातात द्यायचं आणि विळा 'लोहारबुवानं केला' म्हणायचं. शाळेच्या सहलीत शहरातल्या एका म्युझियममध्ये मी काचेच्या पेटीत ऐरण पाहिली होती. खाली पाटी, 'ऐरण, लोखंड'. शेजारी 'हात लावू नये'. आमच्या घरची ऐरण त्याहून मोठी होती आणि तिच्यावर मी बसून डबा खायचो, हे बाईंना सांगितलं तर बाई हसल्या. तेव्हा काय खुपलं ते कळलं नव्हतं. आता सांगता येतं. ऐरण ठेवली, घण मारणारी नाही ठेवली.

गावच्या धंद्यांना म्युझियममध्ये जागा द्यावी, हे आपल्याकडे कुणालाच सुचलं नाही असंही नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय ग्रामोद्योगांसाठीच उभं राहिलं. ३० डिसेंबर १९३८ ला खुद्द गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं, आणि जे. सी. कुमारप्पांसारखा गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ तेव्हा वर्ध्यातच मगनवाडीत राहून गावच्या धंद्यांचा विचार करत होता. म्हणजे आमच्यापासून एसटीनं जाण्याइतक्या अंतरावर ही कल्पना जुनी झाली आहे. ती बाकीच्या म्युझियमवाल्यांनी उचलायला काय हरकत होती?

एका रात्री फुलदाणी जवळजवळ झाली होती. तळाला दुसरी दांडी चिकटवून तोंडाकडून मूळ नळी सोडवायची होती. नळीवर टिचकी मारली आणि फुलदाणी खाली. लोक 'ओह' करून गप्प. कारागीर हसला, झाडू मागवला, नवीन काच घ्यायला भट्टीकडे गेला.

"यायले पगार भेटते?" बाबांनी विचारलं.

"हो."

"फुटलं तरी?"

"फुटलं तरी."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या हातून पास तडकली की लोखंड आमचं जायचं आणि दिवसही आमचाच जायचा. मग मी त्यांना त्याच म्युझियममधली एक मोठी चकती दाखवली. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दुर्बिणीसाठी २०० इंचांचा आरसा हवा होता. कॉर्निंगच्या कारखान्यानं १९३४ मध्ये काच ओतली तेव्हा साच्यातले ठोकळे उष्णतेनं सुटून वर तरंगले आणि काम फसलं. त्याच वर्षी पुन्हा ओतली, ती साधली आणि दुर्बिणीला गेली. म्युझियममध्ये दर्शनी ठेवली आहे ती फसलेली.

"बिघडलेली ठेवली?" बाबा दोनदा म्हणाले. आईला हाक मारून तिसऱ्यांदा.

एक गोष्ट मात्र त्यांना अजून पटत नाही. विळ्याला पाणी द्यायचं तर लाल विळा सरळ पाण्यात घालतात, चर्र होतं, धार टिकते. काचेला तसं केलं तर तुकडे. तिला पाचशेच्या आसपास डिग्रीच्या पेटीत ठेवून रातभर हळूहळू निववावं लागतं. "एवढे लाड?" असं बाबा म्हणतात.

दारात दोघी विळ्याला दाते पाडून घ्यायला आल्यात. हरभरा कापणीला आलाय. बाबांनी आईला हाक मारली आहे, मला नाही. उठतो, बघतो काय हवं ते.