ऐका हो ऐका

माझ्या कॉलसाइनची, म्हणजे रेडिओवरच्या माझ्या नावाची, शेवटची तीन अक्षरं आहेत ई, टी, ई. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी मंडळींच्या रेडिओच्या, खरखरीत बी, डी, पी, टी सगळी एकाच आईची लेकरं वाटतात, म्हणून आम्ही अक्षरं नुसती उच्चारत नाही. प्रत्येक अक्षराला एक शब्द नेमून दिलेला आहे. ए म्हणजे आल्फा, बी म्हणजे ब्राव्हो. विमानवाले १९५६ पासून हीच यादी वापरतात आणि आम्हीही. त्या यादीत ई म्हणजे एको आणि टी म्हणजे टँगो. थोडक्यात, गेली कित्येक वर्षं मी रोज संध्याकाळी एका खोलीत बसून "एको टँगो एको" असं ओरडतो. घरच्यांनी ते पंख्याच्या आवाजासारखं कानाआड टाकायला शिकून घेतलं आहे.

मग कन्येने बोलका स्पीकर आणला. त्याला हाक मारायला त्याच्याच एका यादीतून एक शब्द निवडायचा असतो. तिने 'एको' निवडला. बापाचं कॉलसाइन पोरीला पाठ नसावं याचं दुःख मी गिळलं.

त्या संध्याकाळी चौदा मेगाहर्ट्झ झकास उघडला होता, म्हणजे त्या पट्ट्यावर दूरदूरचे आवाज येत होते. मी माइकचं बटण दाबलं आणि "सीक्यू, सीक्यू" म्हणून साऱ्या जगाला हाळी दिली. दूरदेशीच्या एका गृहस्थांनी ओ दिली. मी उत्साहाने कॉलसाइन पुन्हा सांगितलं. पहिल्या 'एको'ला दिवाणखान्यातलं यंत्र जागं झालं. त्याने पुढचा 'टँगो' ऐकला आणि आज्ञा शिरसावंद्य मानून टँगो लावला. मोठ्याने. दार उघडं, बटण दाबलेलं. तिकडचा बाजा माझ्या माइकमधून निघून वर आकाशातल्या आयनांबरावर आपटला आणि समुद्र ओलांडून गेला.

बहुतेक देशांत हौशी रेडिओवरून संगीत प्रक्षेपित करायला सक्त मनाई आहे. मी घाबरून "बंद कर, बंद कर!" असं ओरडलो. यंत्राला मराठी येत नव्हतं. घाबरल्यामुळे माझा अंगठाही बटणावरून उठत नव्हता. शेवटी उठला तेव्हा समोरून शांत स्वरात रिपोर्ट आला: आवाज फाइव्ह नाइन, म्हणजे पैकीच्या पैकी; बाजा त्याहून बरा.

मी उपाय करून पाहिले. ई साठी दुसरा शब्द वापरू म्हटलं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी फौजांच्या यादीत ई म्हणजे ईझी होतं. ते वापरलं तर समोरच्याला वाटलं की मी माझा स्वभाव सांगतोय. काही जण देशांची नावं वापरतात, म्हणून इंग्लंड म्हणून पाहिलं. एका सज्जनाने मला त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, इंग्लंडला नेऊन बसवलं. मग कन्येने यंत्राचंच नाव बदलून 'कंप्युटर' केलं. ज्या घरात दर दोन वाक्यांमागे कोणीतरी "कंप्युटर बंद कर" म्हणतं, तिथे ते नाव दीड दिवस टिकलं. पुन्हा 'एको'.

'एको' ही काय चीज आहे ते मराठी माणसालाच कळेल. बायको "अहो, ऐका" म्हणाली की मी उठत नाही, ते उठतं. कन्या मोठ्याने आकडे मोजू लागली की एकोणीसला उठतं, एकोणतीसला उठतं, एकोणचाळीसला उठतं. आपल्या पूर्वजांनी नव्व्याण्णव तेवढा त्याच्या तावडीतून सोडवला, एकोणीसपासूनचे बाकी सगळे नऊ त्याच्या नावावर करून ठेवलेत.

आता खासगीपणाचं. मी बायकोला म्हटलं, हे यंत्र दिवसरात्र कान लावून बसतं. आपल्या नावाची हाक येते का ते स्वतःशीच तपासतं हे खरं, पण हाक आली असं त्याला नुसतं वाटलं तरी पुढचं बोलणं कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरकडे जातं. २०१९ साली बातम्या आल्या होत्या की असल्या यंत्रांची काही ध्वनिमुद्रणं मोठमोठ्या कंपन्यांनी नेमलेली माणसं बसून ऐकतात, आणि कंपन्यांनाही ते कबूल करावं लागलं. त्याआधी, २०१७ मध्ये, अमेरिकेतल्या सॅन डिएगोत एका वृत्तनिवेदकाने कुठल्याशा छोट्या मुलीने स्पीकरकडून बाहुलीघर मागवल्याची गंमत टीव्हीवर सांगितली, तर ते वाक्य ऐकून प्रेक्षकांच्या घरातली यंत्रंही बाहुलीघर मागवायला निघाली.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही रोज साऱ्या जगाला स्वतःचं नाव, गाव आणि तब्येत ओरडून सांगता. तुमचा पत्ता त्या हॅमवाल्यांच्या यादीत छापलेला असतो. तुम्हाला कसला आलाय खासगीपणा?"

वर्मी घाव. आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की परदेशी केंद्राशी बोलताना हौशी माणसाने अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही. आमचं सगळं उघड्यावर. पण मी म्हटलं, फरक आहे. माझ्या माइकला बटण आहे. मी दाबतो तेव्हा बोलतो, सोडतो तेव्हा गप्प. आमच्यातही काही आळशी लोक व्हॉक्स लावतात, म्हणजे आवाज झाला की रेडिओ आपोआप चालू. ते खोकले की खोकला परदेशी जातो. हा तुमचा स्पीकर म्हणजे कायमचा व्हॉक्स. आणि व्हॉक्सवाला निदान स्वतःच्या लायसन्सवर खोकतो.

भाषण मला आवडलं होतं. बायको भांडणाच्या मनःस्थितीत नव्हती, ती फक्त "बरं" म्हणाली. लग्नाला पुरेशी वर्षं झालेल्या माणसाला त्या "बरं"चा अर्थ कळतो.

वास्तविक माझा खरा राग वेगळाच होता. त्या यंत्राच्या चार्जरसारख्या ठोकळ्यामुळे सात मेगाहर्ट्झवर अशी गुणगुण सुरू झाली होती की लांबची क्षीण केंद्रं त्यात बुडून जात. त्याच्या वायरीवर मी गुणगुण अडवणारी फेराइटची कडी चढवली, मग आणखी दोन. वायर गरोदर अजगरासारखी दिसू लागली. गुणगुण थोडी कमी झाली. उलट बाजूने, मी बोलायला लागलो की माझ्या रेडिओलहरी त्याच्या वायरीत शिरून त्याच्या तोंडून माझाच बोबडा आवाज काढत. माझी नक्कल ते माझ्याच दिवाणखान्यात करत होतं.

आणि मग तो रविवार. कन्या मोबाइलवर त्या यंत्राचं ॲप उघडून बसली होती. त्यात म्हणे सगळा इतिहास असतो, तारीख-वेळेसकट. लिहून काढलेला मजकूर म्हणजे नुसती अक्षरांची भेळ होती, कारण मी मराठीत बोललो होतो. पण शेजारी एक त्रिकोण होता. तो दाबला की मूळ आवाज. कन्येने दाबला.

घरभर माझा आवाज घुमला: "एकोणसाठ आहे रे तुझा सिग्नल! माझा कसा येतोय? अरे, नवा ॲम्प्लिफायर घेतला. घरी सांगितलंय, मित्राने वापरायला दिलाय."

सिग्नलचा रिपोर्ट पाच-नऊ असा द्यायचा असतो. मित्र मराठी, म्हणून मी लाडात येऊन एकोणसाठ म्हटलं होतं. तेवढ्या 'एको'वर यंत्र उठलं आणि पुढचं वाक्य इमानेइतबारे टिपून घेतलं. गंमत बघा, हे वाक्य मी त्याच ॲम्प्लिफायरच्या जोरावर शंभर नव्हे, चारशे वॉटवर बोललो होतो. कुणीही रेडिओ लावून ऐकू शकलं असतं. कित्येकांनी ऐकलंही असेल. त्यांपैकी एकानेही माझ्या बायकोला सांगितलं नाही. साऱ्या जगात गुपित सुरक्षित होतं. फुटलं ते भिंतीपलीकडच्या खोलीत.

"चारशे वॉट म्हणजे किती मोठा आवाज?" बायकोने विचारलं.

इथे खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. शंभराचे चारशे वॉट केले की समोरच्याच्या मीटरवरचा काटा जेमतेम एक एस-युनिट पुढे सरकतो. एक घर.

"एका घरासाठी," ती म्हणाली, "या घरात एवढं खोटं?"

ॲम्प्लिफायर विकायचं ठरलं. म्हणजे तिचं ठरलं. स्पीकर राहिला, त्याने साक्ष चांगली दिली होती.

मी मात्र मोर्सकडे, म्हणजे टिंब-रेघांच्या भाषेकडे वळलो. मोर्समध्ये ई म्हणजे फक्त एक टिंब. एवढा घोळ घालणारा एको, आणि त्याचा सगळा मिळून एक 'डिट'! माझी ईटीई ही तीन अक्षरं घाईत चिकटून वाजली तर त्यांचा आर होतो, आणि आर म्हणजे 'पोचलं'. यंत्रासमोर मोर्स वाजवायची कळ घेऊन बसलो, तासभर वाजवलं. त्याचा दिवा एकदाही लागला नाही. सांकेतिक भाषेच्या मनाईतही हे बसत नाही, कारण मोर्स कुणालाही शिकता येतो. विजयाच्या भरात मी रेडिओचा 'डा-डिट' सूर हेडफोनऐवजी उघड्या स्पीकरवर ठेवू लागलो.

परवा त्याच मित्राला वाजवलं: एएमपी स्टिल एचआर. ॲम्प्लिफायर अजून इथेच.

कन्या सोफ्यावर मोबाइल बघत पडली होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, एएमपी म्हणजे ॲम्प्लिफायरच ना? तो तर गेल्या आठवड्यात गेला म्हणालात."

"तुला काय माहीत?"

"शिकायचं ॲप आहे. सोपं असतं. आई, ऐकलंस का?"

त्याच वेळी रेडिओतून मित्राचं उत्तर आलं. मोर्समध्ये आम्ही हसतो तेव्हा 'एचआय एचआय' असं वाजवतो; उच्चार 'हाय हाय'. तो तिकडे हसत होता. मी ते मराठीत ऐकलं.