इच्छेला येईल ते

पावतीपुस्तक काखोटीला मारून निघालेला माणूस आमच्या गावात फर्लांगभर अंतरावरून ओळखला जातो आणि तो जवळ येईपर्यंत घरातला कर्ता पुरुष हमखास न्हाणीघरात गेलेला असतो. शिगम्याआधी, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाआधी, ढोल वाजवत मिरवणूक काढणारे रोमटामेळवाले येतात, चतुर्थीआधी मंडळाची पोरे येतात, जत्रेआधी नाटकवाले येतात. आणि या सर्वांच्या मागून, लोकांचे खिसे व सहनशीलता दोन्ही आटून गेल्यावर, वाचनालयाचा खजिनदार म्हणून मी येतो. माझ्याकडे मखर नाही, ढोल नाही, राजाच्या भूमिकेत बँकेतला कारकूनही नाही. माझ्याकडे गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावचे कौलारू वाचनालय आहे आणि त्यात वाळवी आहे.

वाळवीचे महत्त्व बाहेरच्या माणसाला कळायचे नाही. गोव्याचा पाऊस जूनमध्ये एकदा घरात शिरला की चतुर्थीपर्यंत मुक्काम हलवत नाही. कपाट उघडावे तर पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी, पाने एकमेकांना चिकटलेली, आणि मागच्या फळीवरून खाली उतरणारी मातीची बारीक वाट. एका जाडजूड चरित्रग्रंथात तर वाळवीने मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत आरपार बोगदा काढला होता. तो ग्रंथ शेवटपर्यंत नेणारी गावात तीच पहिली, असे आमचे सचिव गंभीरपणे म्हणाले. लोखंडी कपाटे घ्यायची, कौले बदलायची आणि ग्रंथपाल मुलीला वेळेवर मानधन द्यायचे, यासाठी निधी गोळा करण्याचा ठराव झाला. किती, हे मात्र ठरावात नव्हते. ‘जमेल तितका’ एवढेच होते.

आमच्या अध्यक्षांना सारा गाव भाई म्हणतो. मोठ्या माणसासमोर आकडा उच्चारणे म्हणजे त्याचा अपमान, असा भाईंचा सिद्धांत आहे. त्या सिद्धांताला धरून आम्ही डिचोली बाजारातल्या एका सिमेंटच्या व्यापाऱ्याकडे गेलो. भाईंनी वाचनालयाचा इतिहास पोर्तुगीज अमदानीपासून सुरू केला, मुक्तीच्या वर्षापर्यंत येता येता चहा संपला, आणि शेवटी हात जोडून ते म्हणाले, “शेट, तुमच्या इच्छेला येईल ते द्या.” शेटच्या इच्छेला पाचशे एक रुपये आले. त्याच शेटने जत्रेच्या नाटकाला पंचवीस हजार दिल्याचे आम्हाला दारातच कळले; नाटकवाली पोरे इतिहासात शिरलीच नव्हती. पडद्यांचे आणि ध्वनियंत्रणेचे दरपत्रक गल्ल्यावर ठेवून त्यांनी सांगितले होते, “शेट, यातले पडदे तुमचे.”

त्या रात्री मी अंदाजपत्रक लिहायला बसलो. कपाटे किती, एकाची किंमत काय, कौले किती, वाळवीच्या औषधाची हमी किती वर्षांची, मानधनाचे वर्षाचे किती. त्याच्या शेजारी गावातल्या घरांची यादी केली : कोणी पूर्वी काय दिले, कोणाला कशाची आवड, आणि मुख्य म्हणजे कोणाकडे कोणी जायचे. जमिनीच्या हद्दीवरून ज्यांचा भाईंशी दिवाणी दावा चालू होता, त्यांच्याकडेही देणगीसाठी भाईच जाणार होते, हे ही यादी केल्यामुळेच वेळीच लक्षात आले. निधिसंकलनातले निम्मे काम दारावर जाण्यापूर्वी संपते, असे माझे मत तेव्हापासून आहे. समितीचे मत मात्र अजून गाडी कोणाची न्यायची यावरच अडलेले असते.

याचे एक कारण असे की आमच्या तालुक्याला मागण्याची सवयच उरली नव्हती. अनेक वर्षे वाचनालयाचा निधी म्हणजे खाण कंपनीच्या कार्यालयात नेऊन दिलेले एक पत्र आणि महिन्याभराने आलेला एक धनादेश. समितीचे सर्व कौशल्य त्या पत्रातल्या ‘महोदय’ या शब्दाखाली संपत असे. पुढे २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्यंतरी थोड्या हलल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ट्रकवाल्यांचे जे झाले त्यापुढे आमचे दुःख किरकोळ होते, हे खरे. परंतु एकाच दारात उभे राहणाऱ्या संस्थेला दुसरे दार कोणत्या गल्लीत आहे हेसुद्धा ठाऊक नसते, हे त्या वर्षी आमच्या जमाखर्चाच्या वहीत स्पष्ट दिसत होते.

दुसरे दार शोधायला निघालो ते थेट म्हापशाच्या एका सनदी लेखापालांच्या दारात पोहोचलो. संस्थेची नोंदणी १८६० च्या कायद्याखाली झाली होती, आणि तेवढ्यावर भाईंची भिस्त होती. लेखापालांनी विचारले, “१२-ए आहे? ८०-जी आहे?” भाईंनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. मग कळले की या आयकर खात्याकडच्या नोंदण्या; पहिल्या नोंदणीने संस्थेचे उत्पन्न करातून सुटते, दुसरीने देणगीदाराला सवलत मिळते, आणि २०२१ पासून जुन्या संस्थांनाही या दोन्ही नोंदण्या नव्याने कराव्या लागल्या, ज्यांची मुदत तेव्हा पाच वर्षांची होती. आमच्या दोन्ही नव्हत्याच, त्यामुळे नव्याने करण्याचा त्रास वाचला, असे भाई परतीच्या वाटेवर समाधानाने म्हणाले.

नोंदण्या हाती पडल्यावर आमचा रुबाब वाढला आणि छळही. ८०-जी खाली दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला चालत नव्हती. एका गृहस्थांनी पाच हजारांच्या नोटा पुढे केल्या आणि दोन, दोन आणि एक अशा तीन पावत्या स्वतःच्या, पत्नीच्या आणि सासूबाईंच्या नावे मागितल्या. मी धनादेश मागितल्यावर त्यांनी नोटा पुन्हा मोजून खिशात घातल्या. दुसऱ्या एकांनी धनादेश दिला, पण पॅन क्रमांक विचारताच त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरलो. देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत सादर केले नाही तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क पडते, हे मी त्यांना समजावले. “म्हणजे देणगी मी द्यायची आणि शुल्क तुम्ही भरायचे?” एवढा एकच मुद्दा त्यांना पटला. तिसऱ्यांनी सर्व कागद आनंदाने दिले आणि नंतर त्यांना कळले की त्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे, तीत ही सवलतच नाही. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मग सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालये स्पष्ट नमूद आहेत. ही ओळ मी भाईंना मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा दोन टक्के आमच्याच खात्यात जमा झाल्यासारखे त्यांनी डोळे मिटले. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत आम्ही इस्त्रीचे कपडे घालून गेलो. समोर आमच्या मुलीच्या वयाची अधिकारी होती. तिने हा निधी घेणाऱ्या संस्थेला लागणारी सीएसआर-१ नोंदणी आहे का ते विचारले, तीन वर्षांच्या कामाचे अहवाल मागितले आणि मग मुख्य प्रश्न टाकला, “सर, तुमच्या कामामुळे लाभार्थ्यांमध्ये काय बदल झाला?”

भाई म्हणाले, “ते वाचतात.”

“हो, पण वाचल्यावर?”

भाईंनी फार वेळ विचार केला. “वाचल्यावर पुस्तक परत आणतात,” ते म्हणाले, “बहुतेक.”

हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रश्न नव्हता, हे मला नंतर नोंदवही चाळताना जाणवले. सकाळी येणारे अर्धे सभासद निधनवार्ता पाहून जातात, ही गोष्ट सांगण्यासारखी नाही. पण दहावीची मुले संध्याकाळी वाचनालयाच्या दिव्याखाली बसतात, कारण घरी टीव्ही चालू असतो, ही आहे. ती आमच्या एकाही पत्रात नव्हती. तेव्हापासून ग्रंथपाल मुलगी मुलांची हजेरी मांडते, आणि दुसऱ्या खेपेला कंपनीने दोन कपाटे व चार टेबले दिली.

परदेशाचे प्रकरण थोडक्यात सांगतो. गावातल्या एकाच घरातले दोन भाऊ, एक दुबईला, एक इंग्लंडमधल्या स्विंडनला. दुबईचा भारतीय पासपोर्टवर आहे. त्याने स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ती देशी देणगी. स्विंडनच्याने आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे; त्याचा रुपया विदेशी. त्यासाठी विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी हवी, नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते हवे, आणि नोंदणीसाठी मागील तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च केलेले हवेत. एवढे पैसे असते तर आम्ही सिमेंटच्या दुकानात चहा कशाला प्यालो असतो? स्विंडनच्या भावाला तसे कळवले. तो चतुर्थीला आला तेव्हा रागाने त्याने पंचायतीजवळच्या मंडळाची, बक्षिसात कार असलेली देणगी-कुपने मागितली. पैसा तिथेही विदेशीच, म्हणून तीही त्याला देता येईनात. अखेर घरात मोदकांवरच राग काढला.

खरी मेख पुढेच आहे. कपाटाला देणगीदार मिळतो, कारण कपाटावर नाव रंगवता येते. वीजबिलावर आणि मानधनावर ते रंगवता येत नाही. ग्रंथपाल मुलीच्या पगारासाठी मी ज्या ज्या घरी गेलो, त्या त्या घरी मला तिच्याऐवजी पंखा देऊ करण्यात आला. शेवटी गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी दरमहा ठरावीक रक्कम थेट बँकेतून देण्याचे कबूल केले. फलक नको, सत्कार नको, शाल नको; वर्षाचा हिशेब तेवढा आधी वाचायला द्या, एवढीच त्यांची अट. भाईंना ही अट अतिशय उदात्त वाटली.

यंदाच्या वार्षिक सभेत मास्तर चष्मा लावून उभे राहिले. कपाटांचा खर्च त्यांनी वाचला, मान हलवली. कौलांचा वाचला, मान हलवली. मग बोट एका ओळीवर ठेवून त्यांनी विचारले, “किरकोळ खर्च, ३४० रुपये. किरकोळ म्हणजे काय?” सभागृहात तेव्हा भाजी-पाव वाटला जात होता. भाईंनी आपली बशी हळूच खुर्चीखाली सरकवली आणि, खजिनदार उत्तर देतील, असे जाहीर केले.